जुन्या गाडीच्या काचेतून पाणी गळतंय? आधी वाट शोधा, मग रबराला हात लावा

जूनच्या पहिल्या दोन-चार सरींनंतर पायाखालचं मॅट ओलं लागलं, की बहुतेक जण सिलिकॉनची नळी आणतात आणि पुढच्या काचेच्या रबराभोवती बाहेरून जाड रेघ ओढून मोकळे होतात. महिनाभर बरं चालतं. मग पाणी परत येतं, आणि या वेळी सोबत गंजाचा तांबूस ओघळही असतो. बाहेरची फट बुजली, पण रबराच्या पोटात शिरणारं पाणी कुठून शिरतंय हे पाहिलंच गेलं नाही. वर ते सुकायची वाटही बंद झाली.

प्रीमियर पद्मिनी, अ‍ॅम्बेसेडर, जुनी मारुती ८००, ओम्नी या गाड्यांची पुढची काच रबरात बसवलेली असते. रबर आडवं कापून पाहिलं तर त्याला दोन खाचा दिसतील. एका खाचेत काच, दुसऱ्या खाचेत पत्र्याची कड. म्हणजे पाण्याला वाटा दोन: काच आणि रबर यांच्यामधली, किंवा रबर आणि पत्रा यांच्यामधली. आपली गळती यातली कोणती, हे कळल्याशिवाय नळी उघडू नये. नंतरच्या बऱ्याच गाड्यांत काच पॉलियुरेथेनने थेट पत्र्याला चिकटवलेली असते. तिथे हा खटाटोप करू नका. तो चिकटा गाडीच्या सांगाड्याच्या मजबुतीचा भाग असतो. काच काढून नव्याने बसवायचं काम काचवाल्याकडेच द्या.

आता पाण्याची वाट. पाणी जिथे दिसतं तिथून ते आलेलं नसतं. पुढच्या काचेच्या वरच्या कोपऱ्यातून शिरलेला थेंब अस्तराआडून काचेच्या बाजूच्या खांबावरून उतरतो आणि थेट पायाशी निघतो. मागच्या काचेचं पाणी मागच्या फळीखालून डिकीत, स्टेपनीच्या खड्ड्यात साठतं. उलट, वायपरच्या दांड्याची वायसर गेली असेल, बॉनेटखालच्या पन्हाळीची भोकं पाल्याने तुंबली असतील किंवा दरवाजाच्या आतलं प्लास्टिक फाटलं असेल, तरी मॅट भिजतंच आणि आळ काचेवर येतो. म्हणून मॅट आणि खांबाची पट्टी काढा, पत्रा कोरडा पुसा, आणि काचेखाली व खांबावर टाल्कम पावडर भुरभुरा. थेंब जिथून घसरेल तिथे पावडरीत स्पष्ट रेघ उठते.

एक माणूस टॉर्च घेऊन आत, दुसरा बाहेर पाइप घेऊन. पाइपाला फवारा नको, नुसती मंद धार. सुरुवात खालून: आधी पन्हाळ, मग काचेची खालची कड, खालचे कोपरे, बाजू, सगळ्यात शेवटी वरची कड. प्रत्येक टप्प्यावर निदान पाच मिनिटं धार धरा. वरून सुरुवात केली तर पाणी सगळीकडे ओघळतं आणि काहीच कळत नाही. आत थेंब रबराच्या ओठाखालून (म्हणजे काचेवर किंवा पत्र्यावर टेकणाऱ्या त्याच्या कडेखालून), काचेला लागून आला तर वाट काच-रबराची. रबर आणि पत्रा यांच्यामधून किंवा अस्तराआडून आला तर रबर-पत्र्याची. सापडलेल्या जागी मास्किंग टेपचा तुकडा लावा. एक जागा सापडली म्हणून थांबू नका. खालचे दोन्ही कोपरे सहसा जोडीने गळतात, कारण तिथे रबर सर्वांत जास्त वळलेलं असतं आणि पाणीही तिथेच थांबतं.

मग रबर तपासा. अंगठ्याच्या नखाने दाबा. नख रुतून खूण भरून आली तर रबर जिवंत आहे. दगडासारखं लागलं, कोपऱ्यात केसासारख्या चिरा असल्या किंवा जोडाच्या जागी दोन-तीन मिलिमीटरची फट उघडली असेल, तर ते आखडलंय. त्यात फट बुजवायचा मसाला कितीही भरला तरी पुढच्या उन्हाळ्यात ते परत सुटणार. रबर बदला.

रबर चांगलं असेल तर काच न काढता काम होतं. लागेल ते न वाळणारं, कायम मऊ राहणारं काळं विंडस्क्रीन सीलंट. दुकानात बेडिंग कंपाउंड म्हणून मागा. व्हिनेगरसारखा वास मारणारं घरगुती सिलिकॉन वापरू नका. वाळताना त्यातून सुटणारं आम्ल उघड्या पत्र्याला गंज आणतं, आणि एकदा सिलिकॉन लागलं की तिथे पुढे रंगही धरत नाही. एम-सील तर नकोच: ते कडक होतं, गाडी खड्ड्यांतून हलते, आणि जोड तडकतो.

गाडी दोन दिवस उन्हात वाळवा. रबराचा ओठ कुल्फीच्या काडीने हलकेच उचला आणि आतली माती जुन्या टूथब्रशने काढा. स्क्रू ड्रायव्हर घालू नका. एक ओरखडा रंगाच्या आत गेला की पुढचा गंज तिथूनच सुरू होतो. रंगावर आणि काचेवर मास्किंग टेप लावा. नळीचं तोंड तिरकं, तीन मिलिमीटरचं कापा. ते ओठाखाली सहा-सात मिलिमीटर आत शिरलं पाहिजे. ओठावर नव्हे, ओठाखाली. वर मधोमध सुरुवात करून एका बाजूने खाली या, मग दुसऱ्या बाजूने. हात थांबवू नका, रेघ तुटली की तिथे हवेची पोकळी राहते. मग ओठ बोटाने दाबत फिरा. थोडा मसाला सगळीकडे सारखा बाहेर डोकावला म्हणजे आत भरलाय. बाहेर आलेला केरोसिनमध्ये जेमतेम ओलावलेल्या फडक्याने पुसा, पण फडकं निथळतं नको. लॅमिनेटेड (दोन काचांमध्ये प्लास्टिकचा थर असलेल्या) काचेच्या कडेला केरोसिन किंवा थिनर मुरलं तर तो थर कडेने पांढरा पडतो.

मसाला किती लागेल? काचेचा घेर साधारण सव्वातीन मीटर धरला तर चार मिलिमीटर जाडीच्या एका रेघेला ४० मिलिलिटर पुरतो. दोन्ही वाटा भरल्या तरी ८०-९०. म्हणजे ३०० मिलिलिटरच्या एका नळीत पुढची आणि मागची काच होऊन उरेल. दोन नळ्या लागल्या असतील तर मसाला आत कमी आणि रंगावर जास्त गेलाय.

रबर बदलायचं असेल तर काच काढावी लागते. दोन माणसं, जाड हातमोजे, आणि बॉनेटवर गोधडी. वायपर काढा. रबराच्या खाचेत चकचकीत बीडिंग असेल तर ते जोडापासून हळूहळू सोडवा. अ‍ॅल्युमिनियमचं असेल तर एकदा मुडपलं की सरळ होत नाही. जुनं रबर वाचवायच्या नादात काच फुटते, तेव्हा बाहेरचा ओठ कटरने सगळीकडे कापून टाका आणि काच आतून वरच्या दोन्ही कोपऱ्यांवर तळहाताने, सारख्या दाबाने ढकला. लॅमिनेटेड काच एका बिंदूवर दाबली की चीर जाते. टफन्ड काचेची कड फरशीवर आपटली तर तिचा भुगा होऊ शकतो. कोणती आहे ते कोपऱ्यातल्या शिक्क्यावर वाचा आणि काढलेली काच गादीवर ठेवा.

काच निघाली की खरं दुखणं दिसतं. पत्र्याची कड, विशेषतः खालचे कोपरे, बऱ्याचदा गंजाने फुगलेली असते. फुगलेली कड काच एका जागी दाबून धरते. नवी काच काही आठवड्यांत आपोआप तडकते ती बऱ्याचदा यामुळेच. गंज तारेच्या ब्रशने आणि ८० नंबरच्या पॉलिश पेपरने चकाकत्या पत्र्यापर्यंत घासा. भोकं पडली असतील तर वेल्डिंगच. लांबी (पुट्टी) भरून पत्रा होत नाही. मग इपॉक्सी प्रायमर आणि वर रंग. नुसत्या रेड ऑक्साइडवर थांबू नका, त्यातून ओल झिरपते. रंग पूर्ण कडक झाल्याशिवाय रबर चढवलं तर ते रंगाला चिकटून बसतं.

नवं रबर पुण्यात नाना पेठेत, मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर शोधता येतं. जाताना जुन्या रबराचा बोटभर तुकडा सोबत न्या. काचेची जाडी आणि पत्र्याची जाडी या दोन खाचा जुळल्या तरच घ्या. मीटरवर मिळणारं रबर घेर मोजून वर दहा-पंधरा मिलिमीटर जास्त कापा, म्हणजे जोड दाबाखाली बसेल. जोड काटकोनात, वर किंवा खाली मधोमध, कोपऱ्यात कधीच नाही.

रबर तासभर उन्हात ठेवून मऊ करा आणि काचेवर चढवा. पत्र्याच्या खाचेत चार-पाच मिलिमीटरची नायलॉनची दोरी पूर्ण फिरवा. दोन्ही टोकं खाली मधोमध वीतभर एकमेकांवरून जाऊन आत लोंबली पाहिजेत. सुतळी नको, ती ओढताना तुटते. खाचेला भांड्यांच्या साबणाचं पाणी लावा. ग्रीस, डिझेल, इंजिन ऑइल नाही, त्याने रबर फुगतं. बाहेरचा माणूस काच खालच्या कडेला टेकवून तळहाताने दाबतो, आतला दोरीचं एक टोक काचेला समांतर, काचेच्या मध्याकडे हळू ओढतो. दोरी निघते तसा रबराचा ओठ पत्र्यावरून आत उलटतो. तो उलटत नसेल तर दोरीवर जोर करू नका. बाहेरच्याला नेमक्या त्याच जागी दोन-चार थापा मारू द्या. बीडिंग शेवटी, साबण लावून, न ताणता बसवा. ताणून बसवलेली प्लास्टिकची पट्टी महिन्याभरात आक्रसते आणि टोकाशी फट दिसते.

सीलंट त्याच दिवशी भरू नका. साबणाचं पाणी आत असताना ते धरत नाही. दोन दिवस वाळवून वर सांगितल्याप्रमाणे आधी काच-रबर, मग रबर-पत्रा भरा. रात्रभर राहू द्या आणि पावडर-पाइपची परीक्षा पुन्हा घ्या. मॅटखालचा फेल्ट काही दिवस बाहेरच ठेवा. तो वरून कोरडा लागतो, आतून आठवडाभर ओला असतो आणि खालचा पत्रा खातो.

हे सगळं एप्रिल-मे महिन्यातलं काम. उरलेल्या नळीच्या तोंडात एक लांब स्क्रू पिळून ठेवा. वायपरच्या दांड्यालाही तोच मसाला चालतो.