बोंडलं कपाटात, वाटी-चमचा ओट्यावर

बारशाला चांदीचं बोंडलं, म्हणजे बाळाला दूध पाजायचं तोटीचं भांडं, आलं असेल तर ते कौतुकाने कपाटात ठेवा. त्याच्या तोटीत आत काय साचलंय ते दिसत नाही, घासताही येत नाही. १९व्या शतकात इंग्लंडमध्ये लांब रबरी नळीची काचेची बाटली घरोघरी होती. बाळाला मांडीवर न घेताही पाजता यायचं, म्हणून ती खपली. नळीत दूध साकळायचं, त्यात जंतू वाढायचे आणि बाळं जुलाबाने दगावायची. लोक तिला ‘खुनी बाटली’ म्हणायला लागले. फ्रान्सने तिच्यावर १९१० साली बंदी आणली. दोष एकच: आत बोट फिरत नाही.

म्हणून आई ठाण्याहून लोकलने कामाला जाणार आणि मागे आजी पाजणार असेल, तर स्टीलची वाटी-चमचाच बरा. वाटी उथळ हवी, दुमडलेल्या कडेची नको. त्या दुमडीत दूध अडकतं. चमचा लहान, गुळगुळीत, बिननक्षीचा.

दोन्ही आधी साबणाने घासा, मग पूर्ण बुडतील एवढ्या पाण्यात टाका आणि उकळी फुटल्यापासून १० मिनिटं उकळा. काढल्यावर स्वच्छ जाळीवर पालथं घालून निथळू द्या. फडक्याने पुसू नका. ओट्यावरचं फडकं आणि पदर, दोन्हींनी उकळण्याची मेहनत वाया जाते.

काढलेलं आईचं दूध ओट्यावर ४ तासांपेक्षा जास्त ठेवू नका. मे आणि ऑक्टोबरच्या उकाड्यात तर काढल्या काढल्या फ्रिजमध्येच, आतल्या बाजूला. दारात नको, तिथलं तापमान सारखं वरखाली होतं. २४ तासांत संपवा. गरम करायचं ते डबी कोमट पाण्यात ठेवून. गॅसवर नाही, मायक्रोवेव्हमध्ये तर नाहीच. तिथे दूध मधेच कुठेतरी चटका बसेल इतकं तापतं.

बाळ पूर्ण जागं हवं. हात आत घेऊन दुपट्यात गुंडाळा, मान कोपराच्या खळग्यात, डोकं उंच. चमचा अर्धाच भरा, खालच्या ओठावर टेकवा आणि किंचित कलता करा. दूध जिभेला लागलं की बाळ स्वतःच चाटून घेतं. घशात ओतलं तर ठसका लागतो, दूध श्वासनलिकेत जाऊ शकतं. गिळलेलं दिसलं की पुढचा चमचा. रडत असेल तर आधी शांत करा.

डॉक्टरांनी पावडरचं दूध सांगितलं असेल तर पाणी उकळून घ्या आणि पावडर घालताना ते ७० अंशांच्या खाली गेलेलं नको, कारण पावडरमध्येही जंतू असू शकतात. मग पाजण्याइतकं निववा. मोजमाप डब्यावरचं, डबा महिनाभर पुरवायचा म्हणून पाणी वाढवलं की बाळाचं वजन अडतं.

वाटीत उरलेलं पुढच्या वेळेला चालत नाही, लाळ लागलेली असते. आजीच्याने ते टाकवत नाही. त्यापेक्षा एका वेळी ३० मिलीच ओता, लागलं तर आणखी घ्या.