सोयाबीन निघालं, आता खुराड्याचा तळ बघा

इंदूरच्या आसपास दसऱ्यापर्यंत सोयाबीन उभं असतं, तोवर मुंगूस, रानमांजर, घुशी सगळे त्यातच दडून असतात. उंदीर, टोळ, सरडे, त्यांना खायला भरपूर. हार्वेस्टर फिरला की ती आडोशाची जागा दोन दिवसांत उघडी पडते आणि पाहुण्यांची पावलं वाडीकडे वळतात. म्हणून कोंबड्या आणि मधपेट्यांच्या बंदोबस्ताचं काम दिवाळीच्या आत उरकून घ्या. दुसरं कारण आपली काळी माती. आत्ता तिच्यात ओल आहे, कुदळ सहज जाते. डिसेंबरात तीच माती दगडासारखी होते आणि वर भेगा पडतात.

या भेगांनीच मला धडा दिला. माझ्या खुराड्याच्या दाराखालची फट पावसाळ्यात दिसतच नव्हती. माती आकसली, उंबऱ्याची फळी एका कोपऱ्यात खचली आणि मूठ जाईल एवढी जागा झाली. एका रात्रीत अकरा कोंबड्या गेल्या. खाल्ली होती एकच, बाकीच्या मानेला चावे घेऊन टाकून दिलेल्या. जाळी सहा फूट उंच होती, तिच्यावर ओरखडाही नव्हता.

तेव्हा आधी तळ. खुराड्याभोवती फूटभर खोल चर खणा. वेल्ड मेशची, म्हणजे तारा सांध्यांवर वेल्ड केलेली चौकोनी जाळी त्यात उतरवून तळाशी बाहेरच्या बाजूला दोन फूट वळवा, इंग्रजी एल अक्षरासारखी, आणि वर माती दाबा. उकरणारं जनावर भिंतीला नाक लावून तिथेच उकरतं. खाली जाळी लागली की दोन फूट मागे सरून पुन्हा सुरुवात करायचं त्याला सुचत नाही. खांबांच्या खड्ड्यात काळी माती परत भरू नका. ती पावसात फुगते, उन्हात आकसते आणि खांब दोन वर्षांत डुलायला लागतो. मुरूम कुटून भरा किंवा काँक्रीट घाला.

जाळी घेताना दुकानदार षटकोनी मुर्गा जाळी पुढे करेल, कारण ती स्वस्त आहे. ती कोंबडीला आत ठेवते, एवढंच. कुत्रा ती दातांनी ओढून फाडतो आणि घुशीचं पिल्लू तिच्यातून आरामात निघतं. खालच्या तीन फुटांना तरी अर्ध्या इंचाची गॅल्वनाइज्ड वेल्ड मेश घ्या. हाताने पारखायची असेल तर चौकटीत करंगळीचं टोक कसंबसं जावं, अंगठा अडावा. इंदूरच्या सियागंज बाजारात भाव विचाराल तेव्हा तारेची जाडीही विचारा, कारण पातळ तारेचे सांधे लवकर सुटतात. वरचा भाग स्वस्त जाळीचा चालेल, पण छप्पर हवंच. दिवसा घार आणि शिकरा पिल्लं उचलतात, रात्री मांजर चढून येतं.

दाराला नुसती कडी पुरत नाही, खाली-वर दोन खिट्ट्या लावा. उंबरा विटांचा किंवा सिमेंटचा करा आणि दार व उंबऱ्यात अर्ध्या इंचापेक्षा जास्त फट ठेवू नका. थंडीत लोक घाबरून चारी बाजूंनी प्लास्टिक गुंडाळतात, ते करू नका. आत विष्ठेतून सुटणारा अमोनिया वायू कोंडतो आणि कोंबड्या आजारी पडतात. उत्तरेकडून बारदानाचा पडदा सोडा, छपराखालची हातभर पट्टी उघडी राहू द्या.

कोण येतंय हे कळत नसेल तर संध्याकाळी दाराबाहेर चुलीची राख पसरा. चार बोटांचा गोल ठसा, नखांची खूण नाही, तर मांजर. चार बोटं आणि पुढे नखं दिसली, तर कुत्रा किंवा कोल्हा. पाच बोटं असतील तर मुंगूस किंवा उदमांजर. मुंगूस दिवसा फिरतं, उदमांजर रात्री. अंडी टरफलासकट नाहीशी होत असतील तर सापाचाही संशय घ्या आणि अंधारात हात घालून अंडी काढू नका. विष मात्र कुणी ठेवू नये. मुंगूस, रानमांजर, उदमांजर ही 1972 च्या वन्यजीव कायद्याने संरक्षित आहेत, शिवाय ते विष आधी आपलाच कुत्रा खातो. इंदूरजवळच्या चोरल-मानपूरच्या जंगलालगत बिबट्याचा वावर आहे. तिथे जाळीवर भिस्त ठेवू नका, रात्रीच्या खोलीला विटांची भिंत आणि पक्कं छप्पर लागतं.

मधपेट्या कोंबड्यांच्या आवारात ठेवू नका. माश्या चिडल्या तर कोंडलेल्या कोंबडीला पळायला जागा नसते. पंधरा-वीस पावलं लांब, वेगळं कुंपण करा, वरून उघडं. पेटीचं दार जाळीकडे तोंड करून ठेवलंत तर माश्या उंच चढून, माणसांच्या डोक्यावरून निघून जातात. पाण्याचं पसरट भांडं पेट्यांजवळच, खडे टाकून ठेवा, म्हणजे त्या कोंबड्यांच्या भांड्यावर येणार नाहीत.

सोयाबीन संपून धने-मोहरी फुलेपर्यंत माश्यांना फुलोरा कमी असतो. वसाहत अशक्त झाली की गांधीलमाशी दारात येऊन बसते. दार लहान करा, एका वेळी दोन-तीन माश्या जातील एवढंच, म्हणजे पहारा देणं त्यांना जमतं. रिकामी मेणपोळी काढून घ्या, मेणकिडा तिथूनच सुरू होतो. स्टँड दीड फूट उंच, चारी पाय पाण्याच्या वाट्यांत, आणि पाण्यावर थोडं जळकं ऑइल. आठवड्यातून एकदा या वाट्या बघाच. वाळलेल्या गवताची एक काडी पेटीला टेकली, तर मुंग्या तिच्यावरून चढतात आणि वाटी तशीच भरलेली राहते.