एआयची ब्राउझर टेस्टिंगची स्किल तपासताय? या चुका टाळा

चवथीच्या आधीच्या आठवड्यात गोव्यातल्या बार्देशच्या एका होमस्टेवाल्या क्लायंटचा फोन, "अरे, आयफोनार बटणच दिसना!" आणि मी त्याच वेळी एआय असिस्टंटने दिलेला त्याच्या साइटचा रिपोर्ट उघडून बसलेलो, त्यात सफारीसमोर, म्हणजे आयफोनच्या ब्राउझरसमोर, मस्त हिरवी टिक. खालपर्यंत वाचल्यावर कळलं की असिस्टंट बाबाने क्रोमच्याच डिव्हाइस मोडमध्ये आयफोन निवडला होता, म्हणजे स्क्रीनची साइझ आणि ब्राउझरचं नाव आयफोनचं, आतलं इंजिन, म्हणजे पेज उभं करणारा भाग, क्रोमचंच. चूक त्याची थोडी, माझी जास्त. क्रॉस ब्राउझर टेस्टिंगसाठी, म्हणजे साइट वेगवेगळ्या ब्राउझरांत नीट चालते का ते तपासण्यासाठी, त्याला सूचनांची लांबलचक फाइल, म्हणजे हल्ली ज्याला स्किल म्हणतात ती, मीच लिहून दिलेली आणि ती कामाची आहे की नाही हे कधी तपासलंच नव्हतं.

रिपोर्ट वाचला म्हणजे स्किल तपासली असं नव्हे

बाजारात बांगडे घेताना विकणारी ताजे म्हणते म्हणून कोण घेतं, कल्ला उचलून बघतोच ना. इथे कल्ला उचलणं म्हणजे स्वतः एक छोटं बुकिंग पेज बनवायचं, त्यात मुद्दाम बग पेरायचे आणि कुठले सापडतात ते बघायचं. माझ्या पेजवर तीन आहेत.

एक, बुकिंग झाल्यावर फोन थरथरवणारा व्हायब्रेट कॉल. सफारीत ते फंक्शनच नाही, त्यामुळे आहे की नाही न बघता बोलावलं की तिथेच एरर येते आणि पुढचा 'बुकिंग झालं' मेसेज येतच नाही. दोन, रेगेक्समधलं (मजकुरात पॅटर्न शोधायची खूणभाषा) लुकबिहाइंड, म्हणजे आधी काय आलंय ते बघणारी खूण. सफारीला ते १६.४ पासून, म्हणजे मार्च २०२३ पासून कळतं, त्याआधीच्या सफारीत ती एक ओळ अख्खी स्क्रिप्ट फाइल मारते. तीन, तेच ते बटण, १०० व्हीएच (म्हणजे स्क्रीनभर) उंचीच्या डब्यात तळाला चिकटवलेलं, जे आयफोनवर ब्राउझरच्या पट्टीखाली जातं.

आता गंमत अशी की प्लेराइट या ब्राउझर आपोआप चालवणाऱ्या टूलमधल्या वेबकिटवर, म्हणजे सफारीच्या इंजिनवर, टेस्ट मनापासून चालवली तरी यातला पहिलाच सापडेल. दुसरा नाही, कारण ते वेबकिट नवीन असतं, आणि तिसरा नाही कारण त्याला आयफोनची वरखाली होणारी पट्टीच नसते. म्हणून दुसऱ्या-तिसऱ्यासाठी मी मार्क देतो ते "कोडमध्ये हे दिसतंय, इथे तपासता येणार नाही, खऱ्या फोनवर बघा" असं सरळ सांगण्याला. जो सगळ्यासमोर टिक मारतो तो नापास. आणि हो, एखादं पेज अगदी धड पण ठेवा, कारण बग शोध म्हटलं की असिस्टंट काहीतरी शोधून आणतोच.

ब्राउझर मोजताना नावं मोजू नका

क्रोम, एज आणि ब्रेव्ह अशा तीन टिका बघून मी खूश व्हायचो. एज जानेवारी २०२० पासून क्रोमियमवरच (क्रोमचाच पाया) आहे, तिन्हीकडे इंजिन ब्लिंक, म्हणजे टेस्ट एकच झाली. उलट आयफोनवरचा क्रोम आतून वेबकिट असतो (युरोपियन युनियनमध्ये २०२४ पासून दुसऱ्या इंजिनला वाट मोकळी केलीय, आपल्याकडे नाही). ब्लिंक, गेको (फायरफॉक्सचं), वेबकिट, हे तीन मोजा.

स्किलशिवाय चालवून न बघणं

प्लेराइट मॉडेलला आधीच येतं. त्यामुळे तेच काम नव्या चॅटमध्ये एकदा स्किल देऊन आणि एकदा न देता करून घ्या, तेही तीन-चार वेळा, कारण दर वेळी उत्तर वेगळं येतं. फरक दिसत नसेल तर फाइल फुकट गेली, सोडून द्या.

आणि प्रश्नातच उत्तर देऊ नका. "सफारीत व्हीएचचा घोळ आहे का बघ" असं विचारलं तर कोणीही सांगेल. क्लायंट बोलतो तसं लिहा, "आयफोनवर बुकिंग होत नाय, बघ जरा". एवढ्यावर असिस्टंट स्वतःहून स्किल उघडतो का? आणि "लोगोचा रंग बदल" म्हटल्यावर ती विनाकारण उघडत नाही ना?

हिरवं झालं, पण कसं झालं?

माझा सगळ्यात जास्त वेळ इथे गेला. टेस्ट लाल आली की असिस्टंटला ती हिरवी करायची भारी घाई, मग मध्ये पाच सेकंदांचा वेट टाक, रिट्राय वाढव, नाहीच जमलं तर स्किप. सगळ्यात वाईट म्हणजे फोर्स क्लिक, कारण त्यात बटणावर दुसरं काही आलंय का हे प्लेराइट तपासतच नाही, कुकीच्या पट्टीखाली दडलेलं बटणही पास होतं आणि माणसाला मात्र ते दाबता येत नाही. टेस्ट फाइलमध्ये काय काय बदललं ते ओळ न ओळ बघा. रिट्रायवर पास झालेली टेस्ट प्लेराइट फ्लेकी (कधी पास, कधी फेल) म्हणून वेगळी दाखवतो, ती पासमध्ये मोजू नका. आणि मार्क द्यायला त्याच चॅटला बसवू नका, स्वतःचाच पेपर तपासल्यासारखं होतं.

अडलं तर आधी हे बघा

वेबकिट उघडतच नाही: प्लेराइट अपडेट केला की ब्राउझर पुन्हा इन्स्टॉल करावे लागतात, लिनक्सवर सिस्टिमच्या लायब्रऱ्याही लागतात. अशा वेळी काही असिस्टंट गुपचूप फक्त क्रोमियमवर चालवून मोकळे होतात, म्हणून ब्राउझर उघडला नाही तर टेस्ट फेल, स्किप नाही, असं स्किलमध्येच लिहा आणि प्रत्येक ब्राउझरचं व्हर्जन रिपोर्टमध्ये मागा.

स्क्रीनशॉट सगळेच वेगळे येतायत: मॅकवर काढलेले लिनक्सवर जुळत नाहीत, फॉन्टच वेगळे दिसतात. मराठी-कोंकणी मजकुराच्या जागी नुसते चौकोन आले तर त्या मशीनवर देवनागरी फॉन्ट नाही एवढंच, साइटचा बग म्हणून अर्धा दिवस घालवू नका, मी घालवलाय.

होमस्टेचं बटण व्हीएचच्या जागी डीव्हीएच (पट्टी वरखाली झाली की बदलणारी उंची) लावून सुटलं, जुन्या फोनसाठी वरची ओळ व्हीएचचीच ठेवली. आणि भावोजींचा खणात पडलेला आयफोन ७ मागून आणलाय. तो आयओएस १५ च्या पुढे जात नाही, म्हणजे लुकबिहाइंडचा बग त्यावर हमखास दिसतो. बॅटरी तासभरही टिकत नाही, चार्जर लावूनच टेस्ट करतो.