जुन्या लॅपटॉपला एसएसडी बसवण्याआधी

सात-आठ वर्षांचा लॅपटॉप सुरू होईपर्यंत चहा पिऊन होत असेल, तर नवा घ्यायची घाई नको. हार्ड डिस्क काढून एसएसडी (फिरती तबकडी नसलेली वेगवान डिस्क) घातली, रॅम ४ची ८ जीबी केली, की घरच्या कामाला तो बहुधा पुरतो. बसवायचं काम दुकानदार करेल. आधीची तयारी मात्र आपलीच, कारण आत आपलं काय काय आहे हे त्याला कुठून कळणार?

कागद-पेन घ्या. कंट्रोल, शिफ्ट, एस्केप एकदम दाबलं की टास्क मॅनेजर उघडतो. त्यात परफॉर्मन्सखाली मेमरीवर गेलं की रॅम किती, स्पीड किती आणि किती स्लॉट भरलेत ते दिसतं. स्पीडचा आकडा १६०० असेल तर रॅम डीडीआर३ प्रकारची, २४०० किंवा २६६६ असेल तर डीडीआर४. एकीच्या जागी दुसरी बसत नाही, खाचच वेगळी असते. तिथेच डिस्कचा प्रकार बघा. एसएसडी आधीच असेल तर दुखणं दुसरंच आहे, पैसे खर्च करू नका. लॅपटॉपच्या पोटावरच्या मॉडेल नंबरचा फोटो काढून ठेवा.

विंडोज १०चा नेहमीचा सपोर्ट, म्हणजे सुरक्षेचे अपडेट, १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. विंडोज ११ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) लागतं, आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा. एसएसडीने यात काही फरक पडत नाही. मायक्रोसॉफ्टचं ‘पीसी हेल्थ चेक’ चालवून बघा. नकार आला तर किती खर्च करायचा याचा आधी विचार करा.

बॅकअप एक्स्टर्नल डिस्कवर घ्या. डॉक्युमेंट्स आणि फोटो सगळ्यांनाच आठवतात, पण सातबारा, विजेची बिलं, विम्याचे कागद पडलेले असतात डाउनलोड्समध्ये. कॉपी झाल्यावर चार फाइल दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून बघा.

आता आपल्याकडची खास भानगड. सोसायटीच्या जुन्या नोटिसा, आजोबांनी टाइप केलेले अभंग, लग्नपत्रिकेचा मजकूर, यातलं बरंच काही श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या युनिकोड (सगळ्या कॉम्प्युटरवर चालणारी अक्षरांची पद्धत) नसलेल्या फॉन्टमध्ये असतं. नव्याने विंडोज टाकलं आणि फॉन्ट गेला, की अभंगाच्या जागी इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. मजकूर शाबूत असतो, फॉन्ट परत टाकला की वाचता येतो. पण तो फॉन्ट आता मिळवायचा कुठून? म्हणून सी ड्राइव्हवरच्या विंडोज फोल्डरमधल्या फॉन्ट्समधून ते आत्ताच कॉपी करून घ्या.

दुकानात ‘क्लोन करून द्या’ असं स्पष्ट सांगा. म्हणजे सगळं होतं तसंच नव्या डिस्कवर येतं. घरात वयस्कर माणसं वापरणार असतील तर मी हेच सुचवेन. आयकॉनची जागा बदलली तरी त्यांचं काम अडतं. व्हायरस असेल तर मात्र कोरं विंडोजच बरं. बिटलॉकर (डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय) चालू असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की लिहून घ्या, ती बहुधा मायक्रोसॉफ्ट अकाउंटवर सापडते. ईमेलचा पासवर्ड आणि ओटीपी येणारा फोन हाताशी हवा. टॅली असेल तर त्याचा बॅकअप वेगळा.

जुनी डिस्क दुकानात सोडू नका, मागून घ्या. यूएसबी केसमध्ये घातली की पेन ड्राइव्हसारखी वापरता येते. पुढचं इन्कम टॅक्स रिटर्न भरून होईपर्यंत तरी ती पुसू नका. राहून गेलेली एखादी फाइल नेमकी तेव्हाच लागते.