वर्कग्रुपमधला कॉम्प्युटर दिसत नाही? आधी आयपीने उघडून पाहा

वर्कग्रुपमधला, म्हणजे एकाच लहान नेटवर्कवरच्या विंडोज कॉम्प्युटरांच्या गटातला, शेजारचा कॉम्प्युटर ‘नेटवर्क’च्या यादीत न दिसणं आणि दिसूनही न उघडणं, हे दोन वेगळे बिघाड आहेत. ते एकच समजून सगळ्या सेटिंग्ज उलटसुलट करू नका. खरा दोष आणखी झाकला जातो.

दोन्ही कॉम्प्युटरवर कमांड प्रॉम्प्ट उघडून ‘आयपीकॉन्फिग’ (ipconfig) ही आज्ञा द्या. आयपी पत्ता (नेटवर्कवर कॉम्प्युटरला मिळणारा क्रमांक) १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर राउटरकडून पत्ता मिळालेलाच नाही. केबल, वायफाय आणि राउटर तपासा; बाकीचं नंतर. एखादा कॉम्प्युटर गेस्ट वायफायवर नाही ना, हेही बघा. तिथली उपकरणं सहसा मुद्दामच वेगळी ठेवलेली असतात.

पत्ते ठीक असतील तर विंडोज आणि आर ही बटणं एकत्र दाबा, \\ टाइप करून पुढे दुसऱ्या कॉम्प्युटरचा आयपी लिहा आणि एंटर दाबा. पिंगवर, म्हणजे दुसरा कॉम्प्युटर उत्तर देतो का हे तपासणाऱ्या आज्ञेवर, विसंबू नका. विंडोजची फायरवॉल (बाहेरून येणाऱ्या जोडण्या अडवणारी सुरक्षा) अनेकदा पिंगला उत्तरच देत नाही.

शेअर केलेले फोल्डर दिसले, तर जोडणी ठणठणीत आहे, अडचण फक्त यादीची आहे. दोन्हीकडे नेटवर्क ‘प्रायव्हेट’ करा आणि ‘नेटवर्क डिस्कव्हरी’ चालू करा. मग जो कॉम्प्युटर दिसत नाही *त्याच्यावर* सर्व्हिसेसमध्ये ‘फंक्शन डिस्कव्हरी रिसोर्स पब्लिकेशन’ सुरू करून ‘ऑटोमॅटिक’ ठेवा. तो नेटवर्कवर आपली ओळख याच सर्व्हिसमधून जाहीर करतो. बहुतेक जण ती आपल्याच कॉम्प्युटरवर शोधत बसतात. वर्कग्रुपचं नाव दोन्हीकडे सारखं ठेवा (मर्यादा १५ अक्षरं), पण ते वेगळं असलं म्हणून आयपीची वाट बंद होत नाही.

पासवर्ड मागून नाकारत असेल, तर समोरच्या कॉम्प्युटरवरच्या खात्याचं नाव आणि पासवर्ड द्या. लॉगिनचा पिन इथे चालत नाही. काहीच उघडत नसेल, तर समोरच्या कॉम्प्युटरवर ‘फाइल अँड प्रिंटर शेअरिंग’ला फायरवॉलची परवानगी आहे का पाहा, फाइल शेअरिंग ४४५ क्रमांकाच्या पोर्टवरून चालतं. वेगळा अँटीव्हायरस असेल तर त्याचीही फायरवॉल तपासा.

अशा वेळी कोणी ‘एसएमबी १ (फाइल शेअरिंगचा जुना प्रोटोकॉल) चालू करा’ असा सल्ला दिला, तर तो मात्र कृपया ऐकू नका. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा खंडणी मागणारा व्हायरस याच जुन्या प्रोटोकॉलमधल्या त्रुटीतून पसरला होता. जुनं नेटवर्क स्टोरेज (नेटवर्कला जोडलेलं फाइल साठवण्याचं उपकरण) एसएमबी १ शिवाय उघडत नसेल, तर त्या उपकरणाचं फर्मवेअर (आतलं सॉफ्टवेअर) अपडेट करून तिथे एसएमबी २ किंवा ३ निवडा.