‘कलंक’ शब्द न काढता कलंकाबद्दल कसं विचारायचं

क्लिनिकल सायकॉलॉजीच्या माझ्या विद्यार्थ्यांना मी पहिल्याच दिवशी सांगते, मानसिक आजाराबद्दलच्या मुलाखतीत ‘कलंक’ हा शब्द काढायचा नाही. पुण्यात घरी-दारी कुणी तो बोलत नाही. लोक म्हणतात, ‘डोक्यावर परिणाम झालाय.’ किंवा नुसतं ‘येरवड्याला दाखवलं का?’, म्हणजे तिथल्या मनोरुग्णालयात. एवढ्यात सगळं येतं.

मुलाखतीला जाण्याआधी स्वतःला विचारा: माझ्या भावाला असा आजार झाला असता, तर मी कुणाला सांगितलं असतं? उत्तर वहीत लिहा.

प्रश्न घरापासून सुरू करा. ‘हे कुणाकुणाला ठाऊक आहे? कुणाला मुद्दाम सांगितलं नाही?’ मग गप्प बसा. ‘बहिणीच्या लग्नाला अडचण येईल असं वाटतं का?’ हा प्रश्न जड, सुरुवातीला नको. मिचेल वाइस आणि सहकाऱ्यांची ‘एमिक’ (EMIC) मुलाखतपद्धत, म्हणजे रुग्ण स्वतः आपल्या आजाराकडे कसा बघतो हे विचारायची पद्धत, जरूर वाचा. मुंबईतल्या कुष्ठरुग्णांच्या अभ्यासातून ती घडली. पण मराठी प्रश्न आपण घडवा, नि ते दुसऱ्या कुणाकडून परत इंग्रजीत करून तपासून घ्या.

घरी गेलात की सासूबाई दारात उभ्या असतात. त्यांना हटवू नका. आधी त्यांच्याशीच पंधरा मिनिटं बोला, चहा घ्या, मग एकांत मागा. नाहीच मिळाला तर दवाखान्यात वेगळी वेळ ठरवा. संमती आधी, आवाज रेकॉर्ड करायची परवानगी स्वतंत्र.

टिपणात नाव नको, पेठही नको. एका विद्यार्थिनीने ‘शनिवार पेठ, मिठाईचं दुकान’ लिहिलं होतं. नाव नसूनही माणूस मला लगेच ओळखू आला. मी ते तिथेच तिला खोडायला लावलं.