मेथी बघून तोंड वाकडं करणाऱ्या पोरांसाठी
"भाजी खा, भाजी खा" म्हणत मागे लागू नका, आधी स्वतः त्यांच्यासमोर खा. आमच्याकडे मेथी म्हटलं की रडारड, मग रविवारी मंडईत पोरीलाच जुडी निवडायला लावली, घरी पेपरवर पसरून पानं खुडायला बसवलं, आणि त्याच मेथीचे धपाटे बाईसाहेबांनी दह्यासोबत तीन हाणले. बिस्किटाचे पुडे घरात आणूच नका, मधल्या भुकेला राजगिऱ्याचा लाडू नाहीतर गूळ-शेंगदाणे (अगदी लहानग्यांना कूट करूनच, घशात अडकतात). ५ ते १७ वयाच्या मुलांना रोज सरासरी ६० मिनिटं दम लागेल अशी हालचाल हवी असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, पण ती सलगच हवी असं नाही हां, लंगडी, दोरीच्या उड्या, सायकल सगळं धरायचं. जेवताना मोबाईल बंद, बाबांचासुद्धा, आमच्याकडे तिथेच घोडं अडलंय.